मागच्या सीटमागचे वूफर

आप्पांचे कान गेले ते मागांच्या खडखडाटात. कापडगिरणीत एकतीस वर्षं उभं राहून काढली, निवृत्त झाले आणि घरी आले. "मी आलो, कान तिथेच राहिले," असं स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आता तोंडासमोर उभं राहून ओरडलं तरी त्यांना कळत नसे. लेक त्यांच्याशी वहीत लिहून बोले आणि ते उत्तर देत अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यामुळे घरातल्या भांडणाची एकच बाजू शेजाऱ्यांना पाठ होती.

लेकीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळे तिला घड्याळवाली म्हणत. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारेही आता थकले होते. सकाळी देवाचं नाव घेऊन ती शटर वर करी, डोळ्याला भिंग लावी आणि संध्याकाळपर्यंत चार शब्दांच्या वर बोलायची वेळ येत नसे. घरी आली की आप्पा भिंतीकडे तोंड करून बसलेले. दिव्याचं बटण दाबलं की मगच त्यांना कळायचं कोणी आलंय ते.

रविवार तेवढा वेगळा. तिने एक जुनी गाडी घेतली होती. त्यात कंपनीनेच बसवलेली म्युझिक सिस्टीम होती आणि मागच्या काचेखालच्या फळीत दोन वूफर. गुडघ्यामुळे आप्पा मागे बसत, मधोमध, पाय लांब करून. एका रविवारी तिने सहज ढोलांची सीडी लावली आणि मागून आरोळी आली, "अगं, चालले! चालले बघ माग!" आरशात पाहिलं तर आप्पांनी पाठ सीटला घट्ट टेकली होती, डोळे मिटले होते आणि हात मांडीवर मागाचा धोटा फेकल्यासारखा इकडून तिकडे जात होता. कानांना जे पोचत नव्हतं ते पाठीतून, बरगड्यांतून आत शिरत होतं.

तेव्हापासून दर रविवारी पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. ती पुढे, ते मागे. बोलणं काही नाही, बोलणार कसं? पण आरशातला तो चेहरा तिला आठवडाभर पुरायचा.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता. तो दोन वर्षं मागे लागला होता, "आप्पांना माझ्याकडे पाठव. खालची खोली रिकामी केलीय, जिना नाही, नात आहे, घरात माणसं आहेत. तुझ्याकडे दिवसभर एकटेच असतात गं." ती वहीत लिहून दाखवी आणि आप्पा दरवेळी ओरडत, "आणि रविवार? रविवार तिथे कोण देणार मला?" शेजारी हसायचे. ती हसायची नाही, पण त्या रात्री तिला झोप छान लागायची.

मग वूफर गेले. कागदी पडद्याभोवतीची स्पंजाची कड कुजून गेली आणि ढोलाऐवजी ओल्या कापडासारखी फडफड येऊ लागली. गाडीचे टेप-स्पीकर विकणारा एक दुकानदार तिच्या ओळखीचा होता. त्याला भोंगा म्हणत, कारण तो गिऱ्हाइकाशी कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे कळे. त्याने मापात बसणारे नवे दोन काढून दिले.

"बसवून देऊ?"

"नको, मीच बसवते. दोनच तर तारा."

"घड्याळ नाही ते, ताई."

"माझा हात घड्याळाचा आहे. त्याला हे जड नाही."

बसवलेही. जुना प्लग नव्या वूफरला लागेना, म्हणून तो कापून तारा थेट जोडल्या. प्रत्येक जोडीत एक तार साधी, एक काळ्या पट्टीची. काळी म्हणजे उणे, यात विचार करायचा काय? हजारो सेल तिने असेच बसवले होते.

त्या रविवारी आप्पा हौसेने बसले. पुलापर्यंत ती आरशात पाहत राहिली. आप्पा एकदा पुढे सरकले, एकदा मागे, पाठ चोळून पाहिली, शेवटी खिडकीबाहेर बघू लागले. "लावलंस का गं?" त्यांनी विचारलं. तिला स्वतःला गाणं ऐकू येत होतं. फक्त ढोल पोकळ होते, डब्यावर बोटं वाजवल्यासारखे. तिने आवाज वाढवला. कर्कश झाला, खोल काही झाला नाही. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आप्पा म्हणाले, "नको, आज गुडघा ठणकतोय." चौथ्या रविवारी त्यांनी कारणही सांगितलं नाही.

आणि धाकट्याचा फोन आला. "पुढच्या रविवारी नक्की काय ते कळव. मला सुट्टी टाकायची आहे."

ती भोंग्याकडे गेली.

"कंपनीची सिस्टीम म्हणजे सासर असतं, ताई," तो गरजला. "बाहेरून आलेल्याला सहज घरात घेत नाही. ओहम जुळतात का बघा. जुने दोनचे आणि नवे चारचे असतील, तर आवाज निम्मा."

तिने मीटर लावला. जुळत होते. फ्यूज पाहिला, ठीक होता. सिस्टीमच्या स्क्रीनवर बेस कमी-जास्त केला, मागच्या स्पीकरांचा आवाज वाढवला. पुन्हा भोंग्याकडे.

"मग अँप्लिफायर गेला," त्याने निकाल दिला. "नाहीतर तुमचे कान."

"कान माझ्या वडिलांचे गेलेत. माझे आहेत."

"मग गाडी विका."

शनिवारी तिने दुकान दुपारीच बंद केलं. गाडीची डिकी उघडली, फळीवरचं कापड काढलं आणि उकिडवी बसली. घड्याळ कुठे अडतंय ते कळेना की ती एकेक चाक सोडवून बघायची. तसंच करावं म्हणून तिने उजव्या वूफरची तार काढली आणि सीडी लावली.

ढोल वाजला. खरा. डिकीचा पत्रा थरथरला.

तिला वाटलं, उजवा बिघडलेला आहे. म्हणून उजवा जोडला आणि डावा काढला. पुन्हा ढोल तसाच, खणखणीत. मग दोन्ही जोडले. सगळं पोकळ. एकटा असताना दोघांचाही आवाज भरघोस. दोन्ही एकत्र जोडले की दोघेही मुके.

पिशवीतून भिंतीवरच्या घड्याळाचा एक सेल काढला. अँप्लिफायरचा प्लग उपसला. त्यात टोकांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीला सेलचं अधिक टोक, खालच्या ओळीला उणे, असं आधी डाव्या जोडीला लावलं. टक्क करून डावा पडदा बाहेर आला. तसंच उजव्या जोडीला लावलं. उजवा पडदा आत गेला.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

एक हवा पुढे ढकलत होता, त्याच क्षणी दुसरा मागे ओढत होता. कंपनीने उजव्या बाजूची पट्टीवाली तार अधिक म्हणून वापरली होती आणि हिने काळं दिसलं की उणे धरलं होतं. महिनाभर आप्पांचा रविवार तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. उजव्याच्या तारा तिने उलट केल्या, सेल पुन्हा लावून पाहिला. दोन्ही पडदे एकदम बाहेर आले.

रविवारी तिने वहीत लिहिलं, 'चला.' आप्पांनी नकारार्थी मान हलवली. तिने खाली लिहिलं, 'माझी चूक होती. सापडली.' आप्पा उठून चपला शोधू लागले.

पहिल्याच ठोक्याला त्यांचे खांदे वर उडाले. "अगं! अगं, हे तर पहिल्यापेक्षा बरं! अख्खं मागांचं खातं चालू झालंय!" ते ओरडले, हसले, शेजारच्या गाडीतल्या माणसांना हात केला. पुलावर तिने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून त्यांच्याकडे पाहत राहिली. आरसा नको होता आज.

थोड्या वेळाने आप्पा पुढे वाकले. आवाज हळू करायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना ते जमत नव्हतं.

"पोरी, एक विचारू? हे असलं धाकट्याच्या गाडीत बसवता येईल का?"

तिने पेन उचललं.

"नाही, जायचंच असं नाही. पण तू दुकानात जातेस आणि मी भिंत मोजतो. तिथे नात आहे. अंगावर येऊन पडते गं ती, तिच्याशी खेळायला कान लागत नाहीत. मला अडचण एवढीच होती, रविवारची. आता तू शोधलंस कसं करायचं ते."

वही तिच्या मांडीवर होती. 'नाही' लिहायला दोनच अक्षरं लागली असती. कंपनीची सिस्टीम आहे, बाहेरचं चालत नाही, असं लिहिलं असतं तर आप्पांनी पुन्हा विचारलंही नसतं. पण चालू घड्याळ बंद आहे असं खोटं सांगून तिने आजवर कुणाला परत पाठवलं नव्हतं.

तिने लिहिलं, 'येतं. सोपं आहे.'

आप्पांनी वही डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं. "मग कळव त्याला," ते म्हणाले आणि सुटकेने मागे टेकले. "आता परत लाव बघू. मोठ्याने लाव."

संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन धाकट्याशी फोनवर बोलली. त्याला आनंद लपवता येईना. खोलीला रंग देतो म्हणाला, पलंग भिंतीपासून लांब ठेवतो म्हणाला.

"आणि गाडीचं ते काय लिहून पाठवलंयस? वूफर? ताई, तूच ये ना बसवायला."

"मी कशाला? कोणीही बसवेल. फक्त तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नको म्हणावं. सेल लावून बघायचं. दोन्ही एकदम बाहेर आले की झालं."

"आणि तुझ्या गाडीतले? ते राहू देणार?"

"राहू देत."

"ऐकशील तू एकटी?"

"न ऐकायला काय झालं? माझे कान शाबूत आहेत," ती म्हणाली, आणि पलंगाचं माप काय ते विचारू लागली.