मुनाफभाईंच्या गल्लीतली भरती

“दगड घासायचा नाय, नाथू! आधी तो ब्रश खाली ठेव!”

मुनाफभाई जिन्याच्या चौथ्या पायरीवरून ओरडले, तेव्हा नाथूने भांडी घासायचा ब्रश दगडावर टेकवलाच होता. नाथू पोलादपूरचा, पंप दुरुस्त करणारा. हातात आलेली वस्तू एक तर खोलायची नाहीतर घासायची, यापलीकडे तिसरं काही त्याला माहीत नव्हतं.

“भाय, शेवाळ हाय नुसतं. दोन मिंटांत चकाचक करून देतो.”

“शेवाळ नाय ते. जीव हाय त्यात. त्या दगडाच्या जिवावर टाकीतले मासे जगतात.”

नाथूने एकदा दगडाकडे आणि एकदा मुनाफभाईंकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. पाच वर्षं तो या टाकीचे पंप सांभाळत होता, पण मालक शहाणा की वेडा हे त्याचं अजून ठरायचं होतं.

महाड बाजारातल्या निम्म्या लोकांचं मात्र ते केव्हाच ठरलं होतं. आखातातून परतलेले बाकीचे लोक दुमजली बंगले बांधत, जावयाला टेम्पो घेऊन देत. मुनाफभाई एकोणीस वर्षांनी परत आले ते एक थर्मास काखेत घेऊन. थर्मासमध्ये चहा नव्हता. समुद्राचं पाणी होतं आणि पाण्यात लिंबाएवढा दगड. त्या दगडावर रुपयाएवढं, तपकिरी, मऊसर काहीतरी चिकटलेलं होतं. तेही जिवंत. त्याला प्रवाळ म्हणतात. गल्लीने त्याचं नाव ‘फूल’ ठेवलं, कारण मनात आलं की ते छत्रीसारखं पसरे आणि त्यातून शेकडो बारीक बोटं बाहेर येऊन पाण्यात डोलत.

आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात मुनाफभाईंचं काम एवढंच होतं: दिवाणखान्यातली भिंतभर मत्स्यटाकी साफ ठेवायची. पहाटे चारला यायचं, टाकीच्या मागच्या अरुंद बोळात शिरायचं, काचा पुसायच्या, पाणी बदलायचं आणि पाहुणे उठायच्या आत निघून जायचं. टाकीसमोर मऊ सोफे होते. नोकरांनी त्यावर बसायचं नाही, असा नियम होता. निघताना हॉटेलने एक घड्याळ दिलं आणि टाकीच्या फिलिपिनी फोरमनने हा तुकडा दिला. घड्याळ महाडला पोचायच्या आत बंद पडलं. फूल जगलं, वाढलं, आता बशीएवढं झालं होतं.

त्याच्यासाठी पाणी यायचं ते थेट हरिहरेश्वराहून, मासळीच्या टेम्पोतून, कॅन भरून. पावसाळ्यात समुद्र गढूळ होतो म्हणून ते मे महिन्यातच साठवावं लागे. टाकीपायी झालेल्या खर्चात घराची कौलं दोनदा बदलली असती. नाकापेक्षा मोती जड, असं महरुन्निसाभाभी येईल त्याला सांगत. स्वतः त्यांनी त्या पाण्यात पाच वर्षांत बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

आता टाकी वरच्या मजल्यावर न्यायची होती. मुनाफभाईंचं घर गल्लीत सगळ्यांत खोलात. सावित्री नदीला पूर आला की पाणी आधी त्यांच्या उंबऱ्याला लागायचं. गेल्या वर्षी ते टाकीच्या पायापर्यंत चढलं होतं, वीज दोन दिवस नव्हती, आणि मुनाफभाईंनी सायकलच्या पंपाने माशांना हवा मारली होती. त्यातच या सोमवारपासून जुनी टाकी सांध्यातून ठिबकायला लागली. वर नवी, दीडपट मोठी टाकी महिनाभर पाणी भरून तयार होती. ते पाणी ‘मुरायला’ ठेवलंय असं मुनाफभाई म्हणायचे.

“पाणी काय लोणचं हाय, मुरायला?” भाभी विचारत. “आनि स्लॅब कोसळला, तर लोक काय म्हनतील? माशांखाली मेले?”

हलवायचा दिवस रविवार ठरला, कारण गल्लीतली माणसं रविवारी मोकळी. त्या रविवारी अमावास्या होती आणि पोलादपूरकडे घाटात रात्रभर पाऊस कोसळला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. महाडात पावसाने उघडीप दिली होती, एवढं बघून सगळे खूश.

काम सुरू झालं. आधी फूल बाहेर काढायचं, मग दगड, मग मासे. फुलासाठी भाभींनी चांगलं कल्हई केलेलं तांब्याचं पातेलं पुढे केलं. मुनाफभाई विंचू दिसावा तसे मागे सरले.

“तांबं नको! तांब्यानं मरतात ती.”

“ईदला बिर्यानी खाऊन आपन नाय मेलो ते!”

शेवटी भाभींचा पिठाचा पांढरा प्लॅस्टिकचा डबा रिकामा झाला आणि त्यात फूल बसलं. नवं पाणी एकदम घातलं तर ते दचकून मरेल, म्हणून वरच्या टाकीचं पाणी बारीक नळीने खाली आणून दोन तास थेंबथेंब डब्यात सोडायचं होतं. शेजारी हवेचा छोटा पंप बुडबुडे सोडत होता. मुनाफभाई डब्याजवळून हलेनात. फूल गेलं तर एकोणीस वर्षांतलं आपल्याकडे काय उरलं, ते बंद घड्याळ? असं ते आदल्या दिवशी भाभींना म्हणाले होते.

गल्लीतल्या पाच-सहा जणांनी जिन्यावर साखळी केली. पुराच्या दिवसांत तासाभरात अख्खं दुकान माळ्यावर चढवणारी माणसं ती. दगड, बादल्या, डबे हातोहात वर जाऊ लागले. नाथूने टाकीच्या तळाचं घाण पाणी काढायला जाड नळी लावली, तोंडाने ओढली, घोटभर खारं पाणी पिऊन थुंकला, आणि नळीचं दुसरं टोक मोरीत सोडलं. मोरी तुंबलेली निघाली. तेव्हा कुणाला त्रास कशाला द्या म्हणून त्याने ते टोक खिडकीतून गल्लीच्या गटारात सोडलं आणि स्वतः वर पंप जोडायला गेला. गटारही तुंबलेलं आहे, हे पोलादपूरच्या माणसाला कुठून माहीत असणार?

समोर चंपाबाई भाजीची टोपली लावून बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. पुराच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. गल्लीत पाणी आलं की चंपाबाई त्यात बोट बुडवत आणि जिभेला लावत. पाणी गोडं लागलं तर ते घाटातलं. येतं धावत, जातं धावत. खारं लागलं तर खाडीने नदीला मागे रेटलंय. मग ओहोटी लागेपर्यंत हलायचं नाही, सामान आढ्याला टांगा. हा निकाल पन्नास वर्षांत चुकला नव्हता.

त्यांच्या पायाला गार लागलं. खाली बघतात तर पाणी. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मोठे केले.

“अगो बाई! खारं!”

त्यांनी मान वर केली तर खोलातल्या घरात माणसं साखळी करून सामान वर चढवत होती. आता आणखी पुरावा कसला हवा?

“अमावस्येची भरती हाय रे! खाडी आत आली! मुनाफ बगा, कवाचा वर चढवतोय, कुनाला बोलला पन नाय!”

पुढे जी तारांबळ उडाली, तिला तोड नाही. समोरचे किराणावाले शेठ वामकुक्षीतून उठले ते थेट तांदळाच्या गोणीखाली शिरले. शिंप्याने यंत्र डोक्यावर घेतलं. जिन्यावरची साखळी जागच्या जागी तुटली. जो तो हातातली बादली पायरीवर ठेवून आपल्या घरी पळाला. नाथू मोटरसायकल उंचावर न्यायला धावला. विनोद वायरमनने पुरातल्या रिवाजाप्रमाणे, शॉक लागू नये म्हणून, गल्लीच्या तोंडाच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात घातले.

डब्यातले बुडबुडे थांबले.

“काय झालं?” मुनाफभाईंनी ओरडून विचारलं.

“पानी आलं गल्लीत! खारं!” रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं.

मुनाफभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. डब्यात हवा नाही. डब्याएवढ्या पाण्यात फूल किती वेळ काढणार? वरच्या मोठ्या टाकीत निदान श्वास घ्यायला जागा होती. पण दोन तासांतला जेमतेम अर्धा तास झाला होता. आता सोडावं तरी धोका, न सोडावं तरी धोका. समोर माशांच्या दोन बादल्या, गुडघ्यात वात, आणि मदतीला चिटपाखरू नाही.

“मासं तुमी घ्या,” भाभी पदर खोचत म्हणाल्या. “ह्याला मी नेते.”

“अगो, हिंदकळेल ते...”

“नदीवरनं भरला हांडा आनलाय मी, थेंब सांडला नाय कदी. व्हा फुडं.”

त्यांनी डबा कमरेवर घेतला आणि वीस पायऱ्या चढल्या. एक हात डब्याच्या वर धरलेला, उन्हात लेकराच्या डोक्यावर धरावा तसा. ते पाहून मुनाफभाईंना एकदम भरून आलं, पण भरून यायला वेळ नव्हता. त्यांनी फूल नव्या टाकीत अलगद ठेवलं. ते आवळून सुपारीसारखं झालं होतं. लगेच त्यांनी प्लॅस्टिकचा मग घेतला, टाकीतलं पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतायला सुरुवात केली. असं ओतलं की पाण्यात हवा मिसळते. एक मग, दुसरा मग, तिसरा.

भाभी पाणी कुठवर आलं ते बघायला खिडकीत गेल्या. गल्लीच्या वरच्या अंगाला खडखडीत कोरडं होतं, खालच्या अंगालाही कोरडं. पाणी होतं ते फक्त चंपाबाईंच्या टोपलीपुढे, चटईएवढं. आणि त्यांच्याच घराच्या खिडकीतून एक जाड नळी लोंबत होती.

त्या खाली गेल्या. पाण्याच्या कडेने, पाठीवर शंख घेऊन, एक बोटभर खेकडा शांतपणे किराणा दुकानाकडे निघाला होता. त्यांनी तो उचलला.

“मावशी, ही भरती नाय. हा आमचा खेकडा हाय.”

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असं. गल्लीला हे समजायला दोन मिनिटं लागली आणि संताप यायला तिसरं. शेठ कंबर धरून पुढे, मागे शिंपी, विनोद, आणि सगळ्यांच्या मागे तोंड लपवत नाथू, अशी वरात जिना चढली.

“मुनाफभाई, पंधरा गोण्या चढवल्या मी! पंधरा! ह्या वयात!”

“माझी जीब चुकली नाय हां,” चंपाबाईंनी आधीच बजावलं. “खारं म्हनलं, खारंच निघालं.”

मुनाफभाई वळले नाहीत. हातातला मग बुडवत होते, उचलत होते, ओतत होते. सदरा पाठीला चिकटला होता आणि उजवा हात दमल्यावर त्यांनी डावा लावला होता.

“माफ करा, शेठ,” ते पाठमोरेच म्हणाले. “हात थांबवता येत नाय. थांबलो तर ते मरेल.”

पंधरा गोण्यांचा हिशेब डोक्यात घेऊन आलेला माणूस तीन मग ओतून होईपर्यंत बघत उभा राहिला. नंतर पुढे होऊन त्याने मुनाफभाईंच्या हातातला मग काढून घेतला.

“सरका. किती उंचावरून ओतायचं?”

शेठनंतर शिंप्याने ओतलं, मग नाथूने, पापक्षालन करावं तसं. मुनाफभाई बाजूला उभे राहून “हळू, फुलावर नको” एवढंच म्हणत होते. विनोदला बऱ्याच वेळाने आठवलं की फ्यूज आपल्याच खिशात आहेत, आणि त्याला गल्लीभर शिव्या खात पळावं लागलं.

वीज आली. पंप गुरगुरला, टाकीवरचा निळा दिवा लागला. फूल मिटलेलंच होतं.

“गेलं काय?” चंपाबाईंनी हळूच विचारलं.

“सांगता येत नाय. दोन तास लागतील, दोन दिवस लागतील. कधी कधी उघडत पण नाय.”

तरी कुणी उठून गेलं नाही. भाभींनी चहा केला, सगळे जमिनीवर बसले आणि शेठनी कंबर दुखते म्हणून भिंतीला पाठ टेकवली. मुनाफभाई मात्र टाकीच्या मागच्या बाजूला, भिंत आणि काच यांच्यामधल्या हातभर जागेत, हातात फडकं घेऊन उभे होते. पाच वर्षं ते घरातही असेच टाकीमागे उभे राहत आले होते. कुणी कारण विचारलं नव्हतं.

भाभींनी आतून खुर्ची आणली आणि टाकीच्या बरोबर समोर ठेवली.

“या इकडं. बसा.”

“नको, मी हाय इथं.”

“बसा म्हनते ना. हे काय हॉटेल नाय.”

मुनाफभाई बाहेर आले. फडकं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना, शेवटी भाभींनीच ते घेतलं. मग ते खुर्चीच्या कडेला, कुणीतरी येऊन उठवील अशा बेताने बसले आणि समोर बघू लागले. निळ्या पाण्यात नारिंगी मासा दगडामागून डोकावला, परत आत गेला, परत बाहेर आला. फूल अजून मिटलेलंच होतं.

“इथून असं दिसतं व्हय,” मुनाफभाई म्हणाले, आणि खुर्चीत थोडे मागे सरकून बसले.