कामिनीची उंची आणि माझी काठी

पोलीस भरतीत मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते. माझी लेक कामिनी एकशे त्रेपन्नावर अडकलेली. तिला खाकीच घालायची होती. मला वाटलं, दोन सेंटिमीटर म्हणजे काय! मुक्ताईनगरच्या शिवारात माझ्या बागेइतकी उंच केळी आहेत कोणाची?

मग रोज दोन ग्लास दूध, उडदाचे लाडू आणि पहाटे निंबाच्या फांदीला पाऊण तास लोंबकळणं. दर रविवारी केळीची उंची मोजायला बागेत रोवलेली खुणांची काठी आणून मी तिला मोजायचो आणि वहीत लिहायचो. वहीत पोरगी झपाझप वाढत होती. वर्षाअखेर एकशे पंचावन्नच्याही वर दोन रेघा! पिंप्राळ्याच्या मेव्हण्याला मी फोनवर वर्दीचं मापसुद्धा सांगून टाकलं.

"नाना, एकदा डॉक्टरकडे मोजू," कामिनी म्हणाली. "मैदानावर तुमची वही नाही चालणार."

जळगावला डॉक्टर सारिकाबाईंनी मोजलं. एकशे त्रेपन्न.

"मॅडम, तुमची पट्टी तपासा जरा," मी म्हणालो.

"नाना," कामिनी हळूच म्हणाली, "काठीचं टोक चिखलात कुजलं की तुम्हीच विळ्यानं छाटता ना?"

म्हणजे वर्षभर मी काठी कमी करत होतो आणि वाढ पोरीच्या नावावर लिहीत होतो. माझ्या हुशारीला तोड नाही.

तरी मी हटलो नाही. "अठराचीच आहे. वाढेल ना अजून?"

बाईंनी मनगटाचा एक्स-रे काढला. "हाड मधून लांबत नाही. टोकाजवळ कूर्चेची पातळ पट्टी असते. तिथल्या पेशी एकावर एक रचल्या जातात, फुगतात, आणि जुन्या थराचं हाड होत जातं. म्हणून हाड लांबतं. पाळी सुरू झाली की काही वर्षांत त्या पट्टीचंही हाड होतं. इथं बघा, पट्टी उरलेलीच नाही."

"खुराक कमी पडला का?"

"तुम्ही काय करता?"

"केळी."

"घड बाहेर पडल्यावर, उंची वाढावी म्हणून केळीला खत घालता?"

"येडा आहे का मी! घड आला की केळीची उंची थांबते."

बाईंनी एक्स-रे पुन्हा माझ्यासमोर धरला. कामिनी खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते की रडण्यानं, ते मला कळेना. हिशेबात पक्का म्हणवणारा मी, पोरीचा चेहरा वाचायची वेळ आली तेव्हा अडाणी निघालो.

बाहेर आल्यावर तिनं डोळे पुसले. "वनरक्षकाला दीडशे उंची चालते, नाना. ती वर्दीही खाकीच. पण तीन किलोमीटर पळावं लागतं, आणि वर्षभर मी नुसती लोंबकळले. भरतीला चार महिने आहेत."

"उद्यापासून पळ. मीही येतो सोबत."

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं.

"या ना," ती म्हणाली. "मोटरसायकल घेऊन या."