दुपारची गैरहजेरी

पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर चिमाजींना घर खायला उठलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी सासरी होती. त्याच सुमारास खात्यातले जुने इन्स्पेक्टर यशवंतराव यांनी रविवार पेठेत खासगी चौकशीची कचेरी काढली आणि चिमाजी तिथं चिकटले. कामं बहुतेक सोयरिकीची असत. मुलगा खरंच नोकरीला आहे का, आधीचं लग्न लपवलेलं नाही ना, असली. १९५८ सालचा पाऊस सरता सरता मात्र चिंचवडच्या एका काचकारखान्याकडून निराळंच काम आलं.

"सोनबा म्हणून गोदामात बाटल्या भरणारा एक माणूस आहे," यशवंतराव म्हणाले. "सकाळी हजेरीच्या घड्याळात कार्ड घालतो, सुटताना घालतो. मधले तीन तास कुठे असतो, कुणाला पत्ता नाही. दुसरीकडे काम धरलंय, असा साहेबांना संशय आहे. आठ दिवस पाठीवर राहा आणि काय ते लिहून आणा."

चिमाजींनी सायकल आगगाडीत टाकली आणि चिंचवडला उतरले. कारखान्यासमोर चहाचं एक खोपटं होतं, तिथं त्यांनी बैठक मारली. विचारलंच कुणी, तर आपण विटांच्या ठेकेदाराचा माणूस.

पहिल्याच दिवशी सोनबा सापडला. कारखान्याच्या मागच्या अंगाला नव्या इमारतीचं काम चाललं होतं आणि तिथली भिंत अजून उभी राहायची होती. साडेअकराच्या सुमारास चिमाजी तिकडे फेरी मारत असताना तिथून एक काटकुळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस बाहेर पडला. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा. तो धावत नव्हता, पण त्याचं चालणं धावण्यापेक्षा कमी नव्हतं. रूळ ओलांडून, गावाला बगल देऊन तो नदीकाठानं रावेतच्या दिशेनं निघाला. चिमाजी बरंच अंतर राखून मागे राहिले. पाऊण तासानं तो एका पेरूच्या बागेत शिरला. अडीचला तो परत गोदामात होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बागेत मजुरीला जातो म्हणावं, तर तास-दीड तासाची मजुरी कोण देणार? चौथ्या दिवशी चिमाजींनी सायकल बांधावर आडवी केली आणि ते बागेत शिरले.

झाडांच्या पलीकडे पाचटाचं एक खोपटं होतं. दारात उन्हाकडे तोंड करून एक बाई बसली होती आणि सोनबा तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या हातावरची पट्टी सोडवत होता. बोटं निम्मी झडलेली. तळव्यावर भाजल्याचा ताजा फोड होता. तो पुसता पुसता सोनबा रागावत होता.

"चुलीजवळ जायचं न्हाई म्हणून किती येळा सांगायचं? कळतंय का तुला, भाजतंय ते?"

"कळलं असतं तर हात काढला नसता व्हय?" ती हसत म्हणाली.

महारोग. चिमाजींचा पाय आपोआप मागं सरला आणि पाचोळा वाजला. सोनबानं वळून पाहिलं. त्याला बहुधा सगळं तिथंच उमगलं. बाईनं पदर पुढं ओढला, हात पदराखाली घेतले.

"कोण आलंय?"

"कारखान्यातलं हायेत."

"मग उभं का? बसाया द्या की. आन् पेरू द्या त्यान्ला. तुमच्या हातानं तोडून द्या."

सोनबानं पेरू तोडला, चिमाजींच्या हातात ठेवला आणि त्यांना बांधापर्यंत घेऊन आला.

"पोलीस का?"

"होतो, हवालदार. आता कारखान्याच्या सांगण्यावरून आलोय."

सोनबा बांधावर टेकला. मग हळूहळू सगळं बोलला. दोन वर्षांमागं त्याच्या बायकोच्या, मंजुळाबाईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, पुढं चट्टे उठले. बार्शीहून पोट भरायला आलेली माणसं, कामगारांच्या चाळीत एक खोली. कुणाला कळलं असतं तर नळावर पाणीसुद्धा भरू दिलं नसतं. तेव्हा आई आजारी आहे म्हणून ती माहेरी गेली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मुलीलाही तेच सांगितलं. बागवान ओळखीचा होता, त्यानं जागा दिली.

"पुण्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत. गुण बी येतोय," सोनबा म्हणाला. "पर हाताला समजत न्हाई. जेवाण मी नेतो, जखमा मी धुतो. त्याला उजेड लागतो हवालदार, अंधारात कसं करणार? आन् सांजच्याला पोरीपाशी कुणी नको का?"

"अरे, साहेबांना सांगायचंस. रजा दिली असती."

"कारण लिवावं लागतं की कागदावर. तो कागद धा जणं वाचत्यात." त्यानं चिमाजींचे पाय धरले. "शालनचं लगीन ठरलंय मार्गशीर्षात. मंजुळाचं नाव निघालं तर पोरगी जल्माची घरात बसंल. तुमी आसं लिवा, की मी दारू पितो. नदीकाठी भट्टीवर जाऊन पडतो म्हणून लिवा."

"सोनबा, दारूबंदी आहे. आत जाशील."

"जातो की."

"आणि नोकरी जाईल ती वेगळीच."

"खरं लिवलं तरी जाणार, न्हाई लिवलं तरी दुसरा कुणी येणार. मंग तिचं नाव तरी झाकू द्या."

परत येताना चिमाजींनी तो पेरू नदीत फेकला. फेकल्यावर स्वतःचीच इतकी लाज वाटली, की काठावर बराच वेळ ते सायकल धरून नुसते उभे राहिले.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा कागद लिहिला नव्हता. त्या आठवड्यात लिहिला. सदर इसम रोज दुपारी नदीकाठी जाऊन मद्यपान करतो, ठिकाण रोज बदलतो, दुसरीकडे नोकरी करत नाही. 'ठिकाण रोज बदलतो' हे वाक्य पोलिसांनी भट्टी शोधत बागेकडे वळू नये म्हणून होतं. यशवंतरावांनी कागद वाचला, चष्म्यावरून चिमाजींकडे पाहिलं आणि तो इंग्रजीत टंकायला दिला.

साहेबांनी पोलिसांना कळवलं नाही. सोनबाला मात्र त्याच दिवशी काढलं आणि कारण फळ्यावर लावलं. चाळभर झालं. शालनचं लग्न मोडलं नाही, उलट मुलाकडच्यांना तिची कीवच आली. आई लग्नाला का आली नाही, हेही कुणाला विचारावं लागलं नाही. असल्या नवऱ्यापायीच ती माहेरी निघून गेली असणार, हे ज्यानं त्यानं आपल्याशी ठरवून टाकलं. शालननंही.

चैत्रात चिमाजींच्यानं राहवलं नाही. ते रावेतला गेले. सोनबा आता बागेतच कामाला होता. खोपट्याचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं.

"परवा गेली," तो म्हणाला. "ताप आला, चार दिसात आटपलं. नोकरी गेल्यापासनं सारा दिस तिच्यापाशीच व्हतो. ती म्हणायची, हवालदारानं आपलं भलंच केलं." मग म्हणाला, "शालनला सांगाल का? मला ती दारात उभं करत न्हाई. सांगा, बार्शीला वारली."

चिंचवड गावात शालनचं सासर शोधायला वेळ लागला नाही. तिच्या हाताला पीठ होतं. आपण बार्शीकडून तिची आई गेल्याचा निरोप घेऊन आलो, असं चिमाजींनी सांगितलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. आवाज न करता बराच वेळ रडली. मग तिनं विचारलं,

"शेवटचं पाणी कुणी घातलं?"

चिमाजींना दुसऱ्या कुणाचं नाव घेववेना. "तुझ्या वडिलांनी."

शालननं डोळे पुसले. तिचा चेहरा पार बदलला.

"त्यांनी पाठवलंय व्हय तुमाला? तिला जित्तेपणी नीट नांदवली न्हाई, आन् आता पाणी पाजल्याचं सांगत्यात." ती उठली. "त्यांच्या दारूपायी गेली माझी आई. सांगा त्यान्ला."

एका शब्दात तिला सगळं सांगता आलं असतं. तो शब्द ओठांवर आलाही. आतून सासूनं हाक मारली, "कोण आहे गं?" आणि चिमाजींनी तोंड मिटलं.

सोनबा बागेच्या तोंडाशी वाट बघत उभा होता.

"रडली?"

"रडली. पाणी कुणी घातलं, विचारत होती. मी तुझं नाव सांगितलं."

"मंग? खरं वाटलं तिला?"

"वाटलं," चिमाजी म्हणाले.