चुलीपुढची भाकर

माझी शुगर उतरंना म्हनून मी गेल्या हिवाळ्यात कुनावर चिडले न्हाई ते विचारा. डॉक्टरवर चिडले, लेकीवर चिडले, त्या शुगरच्या मशीनवर तर लईच. बोटात सुई खुपसून माझंच रगत प्यायचं आन् वर मलाच दोनशे अडतीस सांगायचं! मुडदा बशिवला त्या मशीनचा.

झालं हुतं असं, की माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात धुरकट दिसायचं, डाव्यात तर निसता उजेड आन् अंधार. नगरच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हनले, "मावशी, एवढ्या शुगरवर मी डोळ्याला हात लावणार नाही. खाली आणा, तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने म्हनायला सोपं हाय. मी गोधड्या शिवते. मिरजगावात निम्म्या घरांत माझ्या हातची गोधडी सापडंल. ऊसतोड सुटल्यावर ह्येच माझं काम, आन् खोटं कशाला बोलू, हीच माझी ऐट. आता सुई ओवता येईना. आमचे मालक, कारभारी, रोज सकाळी ओट्यावर बसून धा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. धा संपल्या की मी हाक मारायची. डोळ्याचं आपरेशन झालं न्हाई तर उद्या टाका बी दिसायचा न्हाई, मग मी हातावर हात ठिवून बसायचं का, ह्या भीतीनं माझा जीव अर्धा झाला हुता.

आमची जया केडगावला दिलीय. तिला बाळंतपनानंतर शुगर निघाली हुती. तिनं स्वतःवर काय काय करून बघितलं आन् उतरवली. ती फोनवर म्हनली, "आई, गोळ्या चालूच ठेव, पण खाणं बदल. मटण बंद, दुधाचा चहा बंद. पालेभाजी खा, कडधान्य खा. आणि भूक लागल्यावरच खा."

"पाला खायला मी काय शेळी हाय का गं?" मी म्हनले.

"शेळीला शुगर होत नाही," ती म्हनली आन् फोन ठिवला. आईवरच गेलीय कार्टी.

पन मी हट्टाची. धरलं की धरलं. ज्वारीच्या रानातून पाथरी आनली, कच्चीच मिठाला लावून खाल्ली. हरभऱ्याचे शेंडे खुडले. मटकीला मोड आनले, हुलग्याचे शेंगोळे केले, कारळ्याची चटनी कुटली. दुधाच्या चहाऐवजी गवती चहाचं पानी. एक दिवस दुधी भोपळा बिनमिठाचा उकडून बघितला, तो तेवढा कुत्र्यानं बी खाल्ला न्हाई. बाकी समदं जमलं. मालकांनी बी माझ्यासंगं रविवारचं मटन सोडलं. बाजारात मटनाच्या दुकानापुढून जाताना माझा हात धरून भराभर चालायचे.

भूक लागल्यावर खा, ह्येचा मात्र मी इचारच केला न्हाई. दुपारी जेवायचं, सांजच्याला जेवायचं, भुकेचा संबंध येतोच कुठं?

आमच्या गल्लीत आशाताईचं काम करनारी प्रज्ञा दर सोमवारी सकाळी आठ वाजता मशीन घिऊन यायची. पोरगी लई मायाळू, पन कामाला कडक. पहिल्या सोमवारी दोनशे अडतीस. दुसऱ्या सोमवारी दोनशे एकतीस. तिसऱ्या सोमवारी दोनशे चाळीस! मला तर रडूच आलं.

"मावशी, उपाशीपोटी आहात ना नक्की?" प्रज्ञा मशीन उलटंपालटं करीत म्हनली.

"पान्याचा घोट बी न्हाई घेतला. जयाची आन."

मालक सुया ओवत बसले हुते. मान वर न करता म्हनले, "आन् चुलीपुढची?"

"कुठली चुलीपुढची?"

"रोज पहाटं भाकरी थापताना दोन खातीस ती."

"ते काय खानं हाय व्हय?" मी उसळले. "ते आपलं भाकरी करता करता... उभ्या उभ्या..."

बोलता बोलता माझं मलाच उमगलं. प्रज्ञानं कपाळाला हात लावला. म्हनली, "मावशी, पहाटे दोन भाकरी खाऊन तुम्ही तीन आठवडे मला उपाशी म्हणून बोट देताय?"

तुमी हसाल. पन मी खोटं बोलले नव्हते. जेवन म्हंजी ताट घिऊन बसायचं ते. चुलीपुढची भाकर माझ्या लेखी जेवनात कधी धरलेलीच नव्हती. बावीस हंगाम मी ऊस तोडला. पहाटं तीनला उठून भाकरी थापायच्या आन् टोळी निघायच्या आत त्यातल्या दोन गरम गरम पोटात ढकलायच्या. हंगाम सुटून चार वर्सं झाली, तरी मी तीनला उठते आन् हात आपसूक तोंडाकडं जातो.

"आन् तुमाला ठावं हुतं तर बोलला का न्हाई?" मी मालकांवर घसरले. "तीन आठवडं पाला चघळवला मला!"

"मला वाटलं, डागदरनं सांगितलं असंल," ते म्हनले. घ्या आता.

प्रज्ञा माझ्याजवळ सरकली. "मावशी, पहाटे भूक लागते का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग कधी लागते?"

मी आठवून बघितलं. दुपारी? न्हाई. सांजच्याला? न्हाई. बावन्न वर्सांची बाई मी, आन् मला सांगता येईना की भूक कधी लागते. लागूच दिली नव्हती. मग ती का लागू दिली नव्हती ते माझ्या तोंडून निघून गेलं. कुनाला सांगायचं ठरवलं नव्हतं.

"पहिल्या हंगामाला जया पोटात हुती," मी म्हनले. "पाचवा महिना. टोळीच्या भाकरी एकाच टोपल्यात असायच्या. गडीमानसं आधी जेवायची आन् गाडी भरायला जायची. मग बायांनी जेवायचं. त्या दिवशी मी मोळ्या बांधून आले तर टोपलं रिकामं. फडक्याला चुरा बी न्हाई. सांज पडूस्तोवर मी तशीच मोळ्या वाहिल्या. पोटात पोर ढुशा मारत हुती, डोळ्यांपुढं अंधारी येत हुती. दुसऱ्या दिवशीपासून मी चुलीपुढंच खाऊन घ्यायला लागले. भूक लागंल तवा भाकर असंलच असं काय न्हाई."

ओट्यावर सुईचा हात थांबला. मालकांनी हळूच इचारलं, "त्या दिवशी त्या गड्यांत मी बी जेवलो हुतो ना?"

"व्हय. तुमी बी हुता. तुमीबी खाल्ली."

मला भांडायचं नव्हतं. राग तर कधीच निवला हुता. पन एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आठ सुया ओवून झाल्या हुत्या, दोन तशाच ठिवून ते बाहीर निघून गेले. मला वाईट वाटलं, पन खरं सांगते, हलकं बी वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी भाकरी थापल्या. हात तोंडाकडं गेला तसा मागं घेतला. तेवढ्यात मालक उठून आले. आजवर चुलीपाशी फिरकलेला मानूस न्हाई हो! टोपल्यातल्या दोन भाकरी त्यांनी काढल्या, ताटात ठिवल्या, वर कारळ्याची चटनी, कांदा, पाथरीची पानं. दुसरं ताट उपडं घातलं आन् त्यावर पाट्यावरचा वरवंटा आनून ठिवला.

"ह्ये काय?" मी म्हनले.

"तुझं हाय. लागंल तवा खा."

"आन् वरवंटा कशाला? घरात आपुन दोघंच. मी सोडून कोन खानार?"

"म्हनूनच ठिवला," ते म्हनले. "माझ्यासाठी."

मला हसू आलं, आन् डोळ्यात पानी बी आलं. तसंबी मला दिसत नव्हतंच, पुसायची घाई काय हुती?

मी गोधडी घिऊन बसले. सात वाजले, काय न्हाई. आठ, काय न्हाई. म्हनलं भूक मेली वाटतं माझी. साडेदहाच्या सुमाराला पोटात काहीतरी हललं. आधी बारीक, मग जरा जोरात, दारावर कुनी वळखीचं मानूस थाप मारावं तसं. आन् काय सांगू, मी घाबरले! फडातली ती दुपार समोर उभी राह्यली. उठून सैपाकघरात गेले. चाचपडून बघितलं. वरवंटा हुता. खाली ताट हुतं. त्याखाली माझ्या दोन भाकरी हुत्या.

मी खाली मांडी घालून बसले आन् सावकाश जेवले. ज्वारी एवढी गोड असती, ह्ये मला बावन्नाव्या वर्षी कळलं. दीड भाकरीला पोटच म्हनलं, बास. अर्धी उरली ती मी ताटाखाली पुन्हा झाकून ठिवली. पळून थोडीच जानार हुती?

त्यापुढं ते रोजचंच झालं. कधी धा वाजता भूक यायची, कधी बारालाबी यायची न्हाई. मी तिला वळखायला शिकले. हिरमुसल्यावर खावंसं वाटतं ती निराळी, कंटाळ्याची निराळी, आन् खरी भूक एकदम निराळी. सोमवारी प्रज्ञानं बोट टोचलं तर एकशे सत्तर. पुढल्या सोमवारी एकशे बावन्न. संक्रांतीनंतर एकशे सव्वीस, तवा त्या पोरीनं मला मिठीच मारली. मशीनवरचा माझा राग तिथंच संपला.

फाल्गुनात नगरला डावा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर घरी आले, गोधडी मांडीवर घेतली. मालक सवयीनं ओट्यावर बसले आन् सुईला हात घातला. मी त्यांच्या हातातनं सुई काढून घेतली, दोरा तोंडात ओला केला आन् एका फटक्यात ओवला. भोकातून दोरा जाताना दिसला मला. लख्ख दिसला.

ते रिकामे हात घिऊन बसले. तोंड एवढंसं झालं. आता त्यांना काम उरलं न्हाई, असं वाटलं असंल. त्यांच्या मिशा पार पांढऱ्या झाल्यात, तेबी मला तवाच दिसलं.

मी म्हनले, "सुया आता मी ओवीन. तुमी ताट तेवढं झाकत जावा."