प्रॉग्नोसिस म्हणजे अंदाज

गुरुवारी सकाळी बळीरामजींनी दवाखान्याची फाइल मांडीवर घेतली आणि लेकीला हाक मारली, "कामिनी, प्रॉग्नोसिस म्हणजे काय वं?"

एसटी डेपोतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा नेम होता. रोज एक इंग्रजी शब्द शिकायचा आणि संध्याकाळपर्यंत भेटेल त्याच्यावर तो तीनदा चालवायचा.

मेथी निवडणारे कामिनीचे हात थांबले. डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं, बाबांकडे फार तर दोन महिने आहेत.

"अंदाज," ती म्हणाली. "पुढं काय होईल त्याचा. हवामान खातं देते तसा." आजाराचं नाव तिनं घेतलं नाही.

दुपारी फ्रिज दुरुस्त करायला पिंटू आला.

"बोल गा पिंटू, काय म्हणते फ्रिजचं प्रॉग्नोसिस?"

"काका, आधी गॅस भरू द्या, मग काय ते इंग्लिश झाडा."

"बाबा, तो शब्द फ्रिजले नाही लावत!"

"काहून? त्याले काय जीव नाही?"

कामिनीला हसू आवरेना. रात्री त्यांनी मेथीची भाजी दोनदा मागून घेतली.

शुक्रवारी पहाटे ते झोपेतच गेले.

माणसं येत होती, समजूत घालत होती. शेवटच्या दिवशी आपण बाबांना फसवलं, एवढं एकच कामिनीच्या घशाखाली उतरत नव्हतं. पाचव्या दिवशी मनीषनगरहून बाबांचे डेपोतले सोबती रुपराव आले, तेव्हा तिनं त्यांना ते सांगून टाकलं.

रुपरावांनी कपबशी खाली ठेवली. "फसवलं? अवं बाई, फाइलीतला तो शब्द आम्ही पंधरा दिवसांआधीच डिक्शनरीत पाहिला होता. चष्मा माझा, बोट त्याचं."

"मग मले काहून विचारलं त्यांनी?"

"तुले सांगून मोकळं व्हायचं असलं तर वाट करून देऊन राहिला होता. संध्याकाळी फोन केला मले. म्हणे, पोरीच्या तोंडून नाही निघालं रुपराव, मीबी जोर नाही केला. हसवलं मग तिले दिवसभर."

रुपराव गेले. कामिनी बाबांच्या खाटेवर बसली. आभार मानणं या घरात परकेपणाचं समजत. तिनंही कधी मानले नव्हते.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मले ठाऊक होतं, पण सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही मले बोलायले लावलं नाही. लय उपकार केले तुम्ही माझ्यावर."