धडधाकट उंदीर

पिंपरी पेंढारचा बहिरू एका उपायावर कधी समाधान मानत नसे. गाडीला कुलूप लावून वर साखळीही गुंडाळणारा गडी! भुईमुगात उंदीर लागले तेव्हाही त्याने दोन उपाय केले. विहिरीच्या कपारीत पांढऱ्या तोंडाच्या घुबडांचं जोडपं होतं. त्यांना टेहळायला बसता यावं म्हणून शेतात बांबूचे थांबे रोवले आणि बिळाबिळात विषारी वड्याही सोडल्या.

"घुबडांवर इस्वास न्हाई व्हय?" गोजरबाईने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"हाय की. पर खात्री नको?"

वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो. थांब्यावरच्या घुबडांना असा आयता घास मिळाला. आठवडाभरात मादी भुईमुगात मरून पडली, दुसऱ्या दिवशी नर विहिरीत तरंगताना दिसला. कपारीत तीन पिल्लं भुकेने फुसफुसत होती.

वनखात्याचा माणूस उद्या येतो म्हणाला. तोवर पिल्लांना उंदीर हवा होता, आणि बहिरूच्या शेतात आता औषधालाही उंदीर नव्हता. रिकामा पिंजरा मोटारसायकलला बांधून तो शेजारच्या जानकूकडे गेला.

"भाऊ, एखादा उंदीर हाय का? जित्ता, धडधाकट?"

"का राव, सोयरीक जमवताय?" जानकू खो खो हसला. "अवो, तुमीच वड्या सांगितल्या की! लई गुण आला. समद्या शिवारात टाकल्यात."

ओतूरलाही तेच. शेवटी आणे गावातल्या मेव्हण्याकडे एक मिळाला. बहिरू दुपारी उन्हातून घाईने परतला. उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान टाकून बसला होता. गोजरबाईने पिंजरा हलवला, तरी दचकला नाही.

"ह्यानं काय खाल्लंय, इचारलं का?"

बहिरूने फोन लावला.

"टाकल्यात की दाजी, तुमच्याच वड्या!" मेव्हणा खुशीत होता. "म्हणून तर घावला. न्हाईतर कुठं हाती लागतोय!"

कपारीतून फुसफुस येत होती. सकाळी तिघांची होती, आता एकाचीच.

"दुसरा बघून येतो," म्हणत बहिरूने गाडीची किल्ली फिरवली.

"कुठं जाताय? तुमी वड्या सांगितल्या न्हाईत असं गाव ऱ्हायलंय का?"

बहिरू आठवू लागला. ओतूरच्या बाजारात सांगितलं होतं. आणे गावातल्या एका लग्नात तर माईकवरून. एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी पावण्यालासुद्धा. किल्ली तशीच धरून तो बराच वेळ आठवत राहिला.