पहिला नाद देवीचा

तुळजारामांनी आयुष्यात एकच धनुष्य हाताळलं होतं, घरच्या देव्हाऱ्यामागचं वेळूचं. खंडेनवमीला ते खाली काढायचं, पुसायचं, गंध लावायचं आणि बाण न लावता दोरी तीनदा ओढून सोडायची. पहिला नाद देवीचा, मग बाण माणसाचा, असा तमिळ मुलखात रुजलेल्या त्यांच्या मराठी घराण्याचा नेम. बाण मात्र कित्येक पिढ्यांत कुणी मारला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मारणारी निघाली ती त्यांची धाकटी हरिप्रिया. वय एकोणीस, हात डावखुरा आणि नजर अशी, की कॉलेजच्या संघात पोरगी पहिली. परवा चेन्नईला राज्याच्या संघाची निवड होती. तिचं जुनं धनुष्य उसनं आणि हलकं. डावखुऱ्यांसाठीचं कंपाउंड धनुष्य मागवून तीन महिने झाले, ते काल दुकानात पोचलं. आज फक्त मारून बघायचं होतं.

दुकान म्हणजे तिरुवैयारुच्या रस्त्यावरची पत्र्याची लांब शेड. पुढे काउंटर, मागे वीस मीटरचा पट्टा, टोकाला फोमचं निशाण. मालकीण वासुकी एकेकाळची तिरंदाज. तिने धनुष्य खोक्यातून काढून मेजावर ठेवलं आणि बाण हरिप्रियाच्या मापाने कापायला मागच्या खोलीत गेली. तिथलं कापायचं यंत्र असं किंचाळत होतं, की कानाचे पडदे फाटावेत. हरिप्रिया बाहेर स्कूटर सावलीत लावत होती.

तुळजाराम आणि धनुष्य, दोघंच राहिले. काळं, वर-खाली दोन वाकणारी पाती, त्यांच्या टोकांना चाकं, मधे दोऱ्यांचं जाळं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. असलं यंत्र देवीचं नाव न घेता पोरीने गालाला लावावं? पोरीसमोर नाद केला तर हसेल. मग आत्ताच. त्यांनी डोळे मिटले, "तुळजाभवानी" म्हणाले, दोरी दोन बोटांनी जेमतेम अर्धी ओढली आणि सोडली.

नाद कसला! खाडकन आवाज झाला आणि धनुष्य हातातून निसटायला बघू लागलं. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. उरलेले दोन नाद करायची त्यांची छाती झाली नाही. मागचं यंत्र अजून किंचाळतच होतं, कुणी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी धनुष्य होतं तसं ठेवलं, वरून खालून न्याहाळलं. ओरखडासुद्धा नाही.

हरिप्रिया आत आली. वासुकी कापलेले बाण घेऊन आली आणि तमिळमध्ये हरिप्रियाला लाडाने म्हणाली, "एकच नियम, कण्णा. बाण न लावता दोरी कधी सोडायची नाही."

"ठाऊक आहे, अक्का."

"सगळ्यांना ठाऊक असतं. बाण असला की जोर बाणाबरोबर जातो. नसला की पात्यातच मुरतो. वरून काही दिसत नाही. आमच्या संघात एकीने गंमत म्हणून एकदा सोडली. नंतर दहा-बारा बाण झाले असतील, पातं फुटलं. डोळा गेला तिचा."

हे वाक्य दहा मिनिटं आधी का नाही बोललीस बाई, असं तुळजारामांना ओरडून विचारावंसं वाटलं. आता बोलायचं ते त्यांनीच. गंमत अशी, की पाटबंधारे खात्यात त्यांची सारी नोकरी कालव्यांच्या दारांना तडे शोधण्यात गेली होती. केसाएवढा तडा दिसला की त्याच दिवशी लेखी कळवणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक. आणि इथे ते मूग गिळून उभे. सांगितलं तर धनुष्य गेलं. दुसरं यायला आणखी तीन महिने, निवड परवा. पोरीच्या डोळ्यांत तीन महिन्यांत असं तेज त्यांनी पाहिलं नव्हतं. शिवाय अर्धीच तर ओढली होती. आणि देवीच्या नावाने केलेलं वाईट होईल कसं?

"अप्पा, बगा कीं," हरिप्रिया म्हणाली आणि पहिला बाण मारला.

काही झालं नाही. बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात. तुळजारामांनी देवीचे आभार मानले. दुसरा त्याच्या शेजारी. पोरगी हसली. तिसऱ्याला वासुकीने मान डोलावली. दर बाणाला ती दोरी नाकाच्या शेंड्याला टेकत होती, डोळ्यापासून चार बोटांवर. दर बाणाला ते मनात म्हणत होते, हा एक जाऊ दे, मग सांगतो. चौथा गेला. पाचवाही. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

सहाव्याला तिने दोरी पूर्ण ओढली आणि वरचं पातं वाकलं. चाकाजवळ एक पांढरी रेघ उघडली, तांदळाच्या कणीएवढी. पात्यावर पट्ट्यावरच्या दिव्यांचा उजेड पडला होता, पण ती रेघ ओळखायला तुळजारामांना उजेडाची गरज नव्हती.

ओरडलं तर ती दचकून सोडेल. गप्प राहिलं तर आपणहून सोडेल. त्यांनी आवाज इतका खाली आणला, की तो त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"सोडूं नको, पोरी. हळूं पुढें ने दोरी. हळूं."

दोरी बोटभर बोटभर पुढे गेली आणि थांबली. तिने धनुष्य खाली घेतलं. "काय जालें, अप्पा?"

त्यांनी सांगितलं. देवी, नाद, अर्धी ओढलेली दोरी, सगळं. वासुकीने कापसाचा बोळा घेतला आणि पात्यावरून फिरवला. चाकाजवळ कापूस अडकला, त्याचे तंतू तिथेच लोंबत राहिले.

"केव्हा केलंत?" तिने विचारलं.

"तुम्ही आत होतात तेव्हा. ही यायच्या आधी."

हरिप्रिया निशाणाकडे चालत गेली. तिने बाण उपटले, एकेक करून, आणि परत येऊन वडिलांपुढे मेजावर ओळीने ठेवले. पाच होते.

"अक्कानं डोळ्याचं सांगिटलें, तें ऐकलेंत कीं तुमी?"

"होय."

"आणि मग हे पाच."

"वाटलें, काही होणार नाही," तुळजाराम म्हणाले. "तुज धनुष्य मिळावें म्हणून, पोरी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. राग असता तर त्यांना सोसला असता. ती अनोळखी माणसाला बघावं तशी बघत होती. उद्याच्या चेन्नईच्या गाडीची दोन तिकिटं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, एक तिचं, एक त्यांचं. तिने हात पुढे केला आणि ती मागून घेतली. मग बापाकडे पाठ करून ती तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, मी जुनंच धनुष्य नेते. माझ्याबरोबर तुम्ही याल का?"